खाटेखालची घंटी

“ताई, ही वायर तुम्हीच कापलीत,” म्हणत मालिशवालीनं खाटेखालची घंटी उपटून मालकिणीसमोर आपटली. तिचा ओठ फाटला होता. खाटेवर जुनं गिऱ्हाईक मोडलेला अंगठा धरून शिव्या घालत होतं. मघाशी त्यानं अंगावरची चादर भिरकावताच तिनं नियमाप्रमाणे हात काढून घेतले. “साहेब, मसाज संपला.” त्यानं हसत केस धरून तिचं तोंड खाटेच्या कडेवर आदळलं. तिनं मदतीची घंटी दाबली, दाबतच राहिली. कुणी आलं नाही. मग लोकांचे आखडलेले सांधे सोडवणाऱ्या हातांनी तिनं त्याचा अंगठा उलटा मोडला. त्याची किंकाळी मात्र मालकिणीला लगेच ऐकू गेली. “घंटीनं बाकीच्या गिऱ्हाइकांची झोपमोड होते गं,” मालकीण म्हणाली. “ नेहमीचा माणूस आहे, सांभाळून घ्यायचं.” वायरचं कापलेलं टोक केव्हाच काळं पडलं होतं. “माझ्याआधीची मुलगी चपला टाकून पळाली म्हणालात. तिनं किती वेळ घंटी दाबली, ताई?”