तिसरा चौकोन

धाकटी जाऊ जुळ्यांना पाजत होती, म्हणून दवाखान्याचा फॉर्म मीच वाचून दाखवत होते. "तुझे तीन भ्रूण गोठवून ठेवलेत. नष्ट करायचे की संशोधनाला द्यायचे?" "जीव आहेत ते!" सासूबाई कडाडल्या. "दोन्हींत पापच." "आई, टाचणीच्या टोकाएवढे असतात," जाऊ हसली. "कुणाचातरी आजार बरा होईल." दोघींची जुंपली. त्याच दवाखान्यात मूल व्हावं म्हणून केलेले माझे पाच प्रयत्न वाया गेलेले. हिच्याजवळ पाप करायलासुद्धा तीन उरले होते. माझा एकही टिकला नव्हता. "ताई, संशोधनाला लिहा," ती म्हणाली. मी त्या चौकोनात खूण करून सहीसाठी फॉर्म पुढे धरला. माझ्या अंगठ्याखाली तिसरा चौकोन होता: 'दुसऱ्या जोडप्याला द्यावेत.' तो मी मुद्दाम गाळला होता. वाचला असता, तर तिनं तिन्ही भ्रूण हसत हसत माझ्या ओटीत घातले असते. नेमकं तेच मला सोसवलं नसतं.