तिसरी फुंकर

तिसऱ्या संध्याकाळी मंत्र घालणाऱ्या टेल्सेबाईंनी इंगवरला खिडकीपाशी बसवलं, कपाळावरची पट्टी अलगद सोडली आणि पुटपुटायला सुरुवात केली. "गुलाबा, गुलाबा, खाली उतर..." समुद्राकाठच्या त्या गावांत अंगावर उठणाऱ्या नागिणीला गुलाबच म्हणतात. इंगवरचा गुलाब डाव्या भुवईवर उठून केसांत शिरला होता. नुसता वारा लागला तरी मस्तकात कळ जायची.

मंत्राचे नियम साधे. तीन दिवस, सूर्य मावळताना, दर वेळी तीनदा फुंकर. आभार मानायचे नाहीत. घरातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. इंगवर एरवी असल्या गोष्टींची टर उडवायचा. पण त्याच्या आईचा गुलाब इथेच उतरला होता, आणि दुखण्यापुढे त्याची अक्कल चालेना. डॉक्टरकडे सोमवारी बघू, असं त्याने बायकोला, फ्राउकेला सांगून टाकलं होतं.

आज सकाळपासून मात्र त्याला धास्तीने घेरलं होतं. डाव्या डोळ्याला सगळं धुरकट दिसत होतं. तो बेटांकडे जाणारी फेरीबोट चालवायचा. एका डोळ्याच्या माणसाच्या हाती सुकाणू कोण देणार? फ्राउकेला हे घरीच सांगता आलं असतं, पण बोललो तर खरं होईल, असं वाटून तो गप्प राहिला. गाडीत बसल्यावर नियमच आडवा आला आणि त्याला त्याचं बरंच वाटलं.

दोनदा फुंकर घालून झाली. तिसरीसाठी टेल्सेबाई पुढे वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"नाकाच्या शेंड्यावर हे कधी आलं?"

इंगवरने नुसतेच खांदे उडवले.

"बोल की. मुक्याचं सोंग पुरे झालं."

"सकाळी. मुरूम असेल."

"साठीला आलास आणि मुरूम?" त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "लहानपणीच्या कांजिण्या कुठे जात नाहीत, बाबा. डोक्यातल्या नसेच्या मुळाशी पन्नास-पन्नास वर्षं दडून बसतात. जाग्या झाल्या की गुलाब होऊन त्याच नसेने पुढे सरकतात. नाकाच्या शेंड्यावर जी नस येते ना, तीच डोळ्यातही जाते. ऊठ. आत्ताच्या आत्ता इस्पितळात जा."

इंगवर जागचा उठला नाही. "एकच तर राहिलीय. तेवढी घालून टाका ना, टेल्सेबाई. अर्धवट सोडलं आणि काही झालं म्हणजे?"

"माझ्या वेळी आईने तिन्ही वेळा फुंकर घातली होती," टेल्सेबाई म्हणाल्या.

त्यांचा डावा डोळा काचेचा आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तो कशाने गेला, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

इंगवर भिंतीला धरून बाहेर आला. फ्राउके गाडीपाशी उभी होती.

"इस्पितळात जायचंय," तो म्हणाला.

"बोललास?" ती चिडली. "तीन दिवसांचं सगळं पाण्यात घातलंस की रे."

त्याने उजवा डोळा तळहाताने झाकला आणि तिच्याकडे तोंड केलं. कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

"असा काय बघतोयस?"

"तुला शोधतोय," इंगवर म्हणाला. "गाडी काढ."