भिकूची नळी

पेणच्या डायलिसिस केंद्रातला फ्रीज आवरताना तंत्रज्ञ दर्शनाला भिकू या रुग्णाच्या रक्ताची नळी सापडली. महिन्यापूर्वी ती तपासणीला पाठवायची राहून गेली होती. शरीरातला दाह सांगणारा आकडा दर्शनाने त्या महिन्याच्या नोंदीत जुन्या अहवालावरूनच उतरवला होता. गेल्या आठवड्यात भिकू तापाने गेला.

बाकीच्या नळ्या थंडगार होत्या. ही कोमट होती.

तेवढ्यात भिकूची बायको पारी रोह्याहून त्याचे कागद न्यायला आली. दर्शनाने नळी मुठीत लपवली.

"ताई, त्याचं रक्त चांगलं होतं ना गो?"

"हो, मावशी. चांगलं होतं."

मुठीत चटका बसला. दर्शनाने मूठ उघडली नाही.

निघताना पारीने मायेने तिच्या गालाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"अगो, केवढा ताप हाय तुला! आमच्या मानसाला शेवटच्या दिवशी असाच चढलेला."