बधिर बोटं

त्या रविवारी सकाळी पप्पा नेहमीसारखे बजाजनगरच्या क्लासमध्ये गिटार शिकवत होते. नाइट शिफ्ट करून आलेला संघपाल कुरकुरला, "सर, तारांनी बोटं सोलली." "सोलू दे. बधिर झाली की समज, गिटार आली." हे पप्पा प्रत्येकाला सांगत. मग त्यांनी स्वतः कॉर्ड धरली, पण तार दाबली जाईना. "माझा तर आज अख्खा हात बधिर झालाय," ते म्हणाले. "म्हणजे तुम्हाला लईच आली, सर!" संघपाल म्हणाला. सगळे हसले. पप्पाही हसले. त्यांच्या ओठांची डावी बाजू मात्र हलली नाही. मी दारात चहा घेऊन उभी होते. दुपारी ते कोसळले आणि गेले. दहाव्याला संघपाल म्हणाला, "ताई, सर लई अचानक गेले." "अचानक नाही," मी म्हणाले. "मला दारातूनच दिसलं होतं. तुम्हा सगळ्यांसमोर त्यांना थांबवायची मला लाज वाटली."