कापडाच्या भिंती

“शिकार दिसली पाहिजे. तीही जवळून,” नवरा म्हणाला आणि खुर्ची टेबलाला भिडवून बसला. “नुसती हरणं बघायला आफ्रिकेपर्यंत कोण कडमडतंय?”

सहलींच्या कचेरीतल्या बाईंनी मोठा नकाशा उलगडून काचेच्या टेबलावर पसरला. टेबल पार झाकून गेलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेकीने आईबाबांना ही सहल दिली होती आणि बाईंना फोनवर बजावलं होतं, ‘कधी जायचं ते बाबा ठरवतील. राहायचं कुठे, ते मात्र आईच सांगेल.’

“मग, राणीसरकार? हुकूम करा,” नवरा हसला. बायको नकाशाकडे बघत राहिली.

“आधी दिवस ठरवू,” बाई म्हणाल्या. “पाऊस नुकताच सरलेला असला की गर्दी नसते, पण गवत माणसाएवढं. सिंह चार हातांवर बसलेला असला तरी दिसायचा नाही. कोरड्या महिन्यांत गवत झोपतं, डबकी आटतात आणि सगळी जनावरं एका नदीवर येतात. सिंह तिथेच टपलेला असतो. पण मग माणसंही खूप येतात.”

“कोरडे महिनेच लिहा. मला नरडं धरलेलं बघायचंय. एवढा थोरला रानरेडा, पण सिंह त्याला असा लोळवतो! मोबाइलवर पाहिलंय मी. पोट फाडतात ना, तेव्हा तो जिवंत असतो.”

“दर वेळी फाडत नाहीत हो, साहेब. धरलेला रेडा रेकला, तर पुढे गेलेला कळप मागे फिरतो. काही करत नाही, शिंगं रोखून नुसता उभा राहतो. सिंहाला मग शेपूट घालावी लागते.”

“आणि नाही रेकला तर?”

हे बायकोने विचारलं. कचेरीत आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

“तर कळपाला कळतच नाही, ताई. तो चरत चरत पुढे निघून जातो.” बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. “राहायला दोन जागा आहेत. ही टेकडी. इथे दगडी घर आहे, हातभर जाड भिंती, आसपास चिटपाखरू नाही. आणि हे नदीकाठचे तंबू, एकाला एक लागून. भिंती कापडाच्या. शेजारी कोणी खोकलं तरी इकडे ऐकू येतं. पुष्कळांना ते नको असतं.”

“आम्हालाही नको. दगडी घर,” नवरा म्हणाला. “आम्हाला एकांत लागतो.”

त्यांचं राहतं घरही गल्लीच्या पार टोकाला होतं. तेही त्यानेच पसंत केलेलं. त्या भिंतींनी काय काय ऐकलं होतं, ते गल्लीला ठाऊक नव्हतं. बायकोच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. दारात सापडलं, असं तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, सासूला सांगितलं होतं, लेकीलाही सांगितलं होतं. लेक नुसती त्या बोटाकडे बघत राहिली होती.

“तंबू,” बायको म्हणाली.

नवऱ्याचा हात नकाशाच्या आडून टेबलाखाली गेला. त्याने तिची करंगळी पकडली आणि हळूहळू मागे वाकवू लागला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. “हिला काय कळतंय! उंदीर खुडबुडला तरी माझ्या पांघरुणात शिरते. नीट विचार करून सांग गं.”

तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. “द... दगडी...”

“थांबा, तुम्हाला तंबूंचे फोटो दाखवते,” म्हणत बाईंनी नकाशा उचलला.

टेबल काचेचं आहे, हे नवरा विसरला होता. काचेखाली तिची करंगळी मनगटाकडे वळलेली दिसली. नख पांढरंफटक. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलंय हे त्यालाही कळलं, पण त्याने हात सोडला नाही.

“हा आमच्या घरातला प्रश्न आहे,” तो सावकाश म्हणाला. “तुम्ही सहलीचं बोला.”

“सहलीचंच बोलते.” बाईंनी खणातून एक लाल शिट्टी काढली आणि बायकोच्या मोकळ्या हाताशी ठेवली. “तंबूतल्या प्रत्येक पाहुण्याला ही देतात. रात्री काही झालं तर फुंकायची. पहारेकरी धावत येतात. शेजारचेही उठतात.”

“दगडी म्हण!” नवऱ्याने हिसका दिला.

वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला.

बायको ओरडली नाही. ओरडायची तिला सवयच राहिली नव्हती. तिने दुसऱ्या हाताने शिट्टी उचलली, ओठांत धरली आणि फुंकली. त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. शिट्टी काचेवर पडली, ओठ फाटला, काचेवर रक्त सांडलं. तिने रक्ताने माखलेली शिट्टी पुन्हा तोंडात घातली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास तिच्यात ओतला.

दार उघडलं. समोरच्या दुकानातला शिंपी गळ्यात टेप तसाच घेऊन धावत आला होता. त्याच्यामागे शेजारच्या दातांच्या दवाखान्यातले दोघे, एकाच्या गालात कापसाचा बोळा. जिन्यावरून आणखी पावलं वाजत होती.

“काय झालं हो, ताई?” शिंप्याने विचारलं. “हाताला काय झालं?”

उत्तर जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांचं घोटलेलं. तिने ते रक्ताबरोबर गिळलं.

“यांनी मोडला,” ती म्हणाली.

“अहो, घरगुती मामला आहे, तुम्ही कशाला...” नवरा उठला. रुमालाने हात पुसत तो दाराकडे निघाला. “सरका. वाट द्या.”

दारातून कोणी हललं नाही.