डॅशबोर्डवरची पर्स

टूसॉनच्या वाळवंटी उन्हाने माझ्या अडुसष्ट सालच्या गाडीचा डॅशबोर्ड तडकला. नवा परवडेना, म्हणून मी तड्यात पुट्टी भरली. शेजारचा ऑर्विल कुंपणावरून म्हणाला, "ओल्या पुट्टीवर चामडं दाब, जुन्यासारख्या सुरकुत्या उठतील. आधी चामड्याला मेण फास मात्र, नाहीतर चिकटून बसेल, म्हाताऱ्या!" घरात मऊ चामड्याची एकच वस्तू होती, बायकोची पर्स. लोरेन वारल्यापासून ती खुंटीवरच होती. ती हातात घेतली आणि मेणाचं साफ विसरलो, तशीच पुट्टीवर दाबली. दोन तासांनी पर्स निघेना. ऑर्विल पटाशी घेऊन आला. "सरक, खरवडून काढतो. डोकं कुठं होतं तुझं?" "राहू दे," मी म्हणालो. लोरेन शेजारी बसली की पर्स नेमकी तिथेच ठेवायची. ऑर्विल पाय आपटत गेला. मी गाडी सुरू केली. "पर्स खाली ठेव, काचेत चमकते!" सवयीने ओरडलो, आणि उत्तर ऐकायला इंजिन बंद केलं.