रोहित आलेत

“रोहित आलेत? मग शुक्रवारी जाऊच बघायला,” क्षितिजा फोनवर म्हणाली आणि स्वयंपाकघरात चारुशीलाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

लेक एकोणतिसाची. जाब्रियाच्या इस्पितळात लॅबमध्ये कामाला. स्थळाचा विषय काढला की “आई, नॉट नाउ” म्हणून खोलीचं दार लावून घेणारी. कुवेतमध्येच वाढली, त्यामुळे आईनं मराठीत विचारावं आणि हिनं इंग्रजीत उत्तर द्यावं, हा घरातला रिवाज. आज मात्र बाईसाहेब चक्क मराठीत बोलत होत्या. त्यातही ‘आलेत’. म्हणजे लग्नाआधीच अहो-जाहो. चारुशीलाबाईंना भरून आलं.

“मीपण येणार,” त्या म्हणाल्या.

क्षितिजा चपापली. “फाइव्हला उठावं लागेल, आई.”

“मी चारला उठेन.”

शुक्रवारी मोरपिशी रेशमी साडी नेसून, बेसनाच्या लाडवांचा डबा मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. लेकीच्या मळक्या जीन्सकडे त्यांनी कानाडोळा केला. भेटायचं जहराच्या तळ्यावर, हे ऐकून मुलगा जरा विक्षिप्त वाटला. पण आता किती चिकित्सा करायची?

वाळू संपली आणि हिरवीगार लव्हाळी लागली. तिथे तिपाईवर दुर्बीण लावून एक उंच, सावळा तरुण उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला. चारुशीलाबाई खूश झाल्या.

“तुम्हीच का रोहित?”

“नाही काकू, मी आलोक. नाशिकचा. रोहित ते काय, तिकडे.”

त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. उथळ पाण्यात शे-दीडशे गुलाबी पक्षी लांबलचक माना खाली घालून निवांत न्याहारी करत होते.

“फ्लेमिंगो गं आई. मराठीत रोहित म्हणतात,” क्षितिजा म्हणाली. मग तिनं साडी पाहिली, डबा पाहिला आणि पोट धरून हसायलाच लागली.

चारुशीलाबाई दगडावर मटकन बसल्या. वाईट वाटलं त्यांना, अगदी मनापासून वाटलं. पहाटे चारला उठून साडी नेसली, ती काय पाखरांसाठी?

“घे रे बाबा, तू तरी खा,” म्हणत त्यांनी आलोकपुढे डबा धरला. त्यानं लाडू तोंडात टाकला. क्षितिजानं त्याच्याकडे न बघताच पाण्याची बाटली पुढे केली. त्यानंही न बघताच घेतली.

चारुशीलाबाई बघत राहिल्या.

“क्षिती, मराठी बोल, मराठी बोल म्हणून वीस वर्षं घसा कोरडा केला मी,” त्या सावकाश म्हणाल्या. “पाण्याला वॉटर म्हणायचं सोडलं नाहीस. मग फ्लेमिंगोला रोहित म्हणायला तुला शिकवलं कोणी?”

क्षितिजाचं हसू जागच्या जागी विरलं. आलोक दुर्बिणीचा स्क्रू उगाचच पिळू लागला.

चारुशीलाबाईंनी पदर सावरला आणि डबा पुन्हा पुढे केला.

“आणखी एक घ्या ना, आलोकराव.”